वाळवंटातला हिवाळी मुक्काम

चिपळूणच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात नोकरीला आहे. सून आणि दोन नातवंडे तिथेच. यंदा डिसेंबरात हे दोघे नवरा-बायको तीन महिन्यांसाठी जाणार आहेत. मुलाने बेत आखला आहे की जानेवारीत आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, भाड्याने घ्यायचे आणि दोनेक आठवडे क्वार्टसाइट नावाच्या गावाबाहेर वाळवंटात मुक्काम करायचा. त्या लिहितात, "आपा, हे म्हणतात मजा येईल. पण मी तिथे दिवसभर करू काय? समुद्र नाही, माहेर नाही, ओळखीचे माणूस नाही. नुसती वाळू बघत बसू का?"

मला हा प्रश्न फार खरा वाटला. आपल्या घरातल्या बाईला रिकामा दिवस असा मिळालेलाच नसतो. सासू-सासरे, मुले, पाहुणे, ईद, लग्ने, आजारपणे यांत चाळीस वर्षे जातात आणि मग एक दिवस कोणी म्हणते, बसा आता निवांत. निवांत बसायचे कसे हे तिला कोणी शिकवलेले नसते. आरोग्य आणि फुरसत या दोन नेमतींच्या बाबतीत बहुतेक माणसे तोट्यात राहतात, अशा आशयाची एक हदीस सहीह बुखारीत आहे. ती आपण नेहमी तरुणांना ऐकवतो. साठीच्या माणसालाही ती तितकीच लागू आहे.

तेव्हा आधी हे गाव काय आहे ते सांगते.

हिवाळ्यात शिवडी-ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात हे मुंबईकडच्या वाचकांना माहीत आहे. अमेरिकेत माणसेही अशीच उतरतात. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतली निवृत्त मंडळी बर्फाला कंटाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपली चाकांवरची घरे घेऊन दक्षिणेला निघतात आणि मार्च-एप्रिलात परत जातात. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड', म्हणजे बर्फाळ मुलखातले पक्षी, असेच म्हणतात. फ्लोरिडा, टेक्सासचे दक्षिण टोक आणि अ‍ॅरिझोना ही त्यांची मोठी ठिकाणे. त्यांतले क्वार्टसाइट सर्वांत अजब. फिनिक्सपासून पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटर, मोटारीने दोन तास. २०२० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या अडीच हजारसुद्धा भरली नाही. पण जानेवारीत इथे लाखोंची ये-जा होते. गावाभोवतीच्या माळावर क्षितिजापर्यंत पांढरी घरे उभी दिसतात. कुणाचे बसएवढे, कुणाचे मोटारीमागे ओढायचे, तर कुणाची नुसती जुनी व्हॅन.

ही जमीन केंद्र सरकारच्या भूमी खात्याची आहे. काही भागांत चौदा दिवस फुकट राहता येते. २८ दिवसांच्या काळात चौदा दिवस झाले की तिथून उठून किमान २५ मैल दूर जायचे. ला पोसा नावाच्या मोठ्या पट्ट्यात परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सबंध हंगाम राहता येते. या सात महिन्यांच्या परवान्याला बरीच वर्षे अवघे १८० डॉलर पडत. पाणी भरण्याची, कचरा टाकण्याची आणि मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय तिथे एका ठिकाणी आहे. बाकी वीज नाही, नळ नाही. जे आहे ते आपल्या गाडीत.

या चौदा दिवसांवरून एक गोष्ट सांगायला हवी. हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याची नियत केली तर माणूस मुकीम होतो आणि पूर्ण नमाज पढतो. त्याहून कमी असेल तर तो मुसाफिर. म्हणजे सरकारी नियमाप्रमाणे चौदा दिवसांनी उठणारा हनफी मुसाफिरच राहतो आणि चार रकातींच्या फर्ज नमाजी कसर करतो. पण आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून चार दिवस राहण्याची नियत असली की पूर्ण नमाज. तेव्हा एकाच शेकोटीभोवती बसलेल्या सासरेबुवांची आणि हैदराबादी व्याह्यांची नमाज वेगळी असू शकते. त्यावरून वाद घालू नये. बारकावे आपल्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावेत.

आता दिवसभराचे.

तिथली मंडळी दिवस कसा घालवतात हे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ती फार फिरत नाहीत. सकाळी कोवळ्या उन्हात खुर्च्या टाकून बसतात, चालायला जातात आणि मग बहुतेकांच्या हातात काहीतरी काम असते. कोणी लाकूड कोरतो, कोणी दगड घासून त्याला झिलई आणतो, कोणी मणी ओवते, कोणी रजई शिवते. कायमच्या आरव्ही पार्कांमध्ये तर या कामांसाठी वेगळ्या खोल्याच असतात आणि नवशिक्याला शिकवणारेही तिथले रहिवासीच. वाचलेली पुस्तके ठेवून दुसरी न्यायची कपाटे असतात. हजार तुकड्यांचे चित्र जुळवण्याचे टेबल मांडलेले असते. येता-जाता जो तो दोन तुकडे लावून जातो. पिकलबॉल नावाचा बॅडमिंटन-टेनिसच्या मधला खेळ सत्तरीचे लोक खेळतात. बिंगोही चालतो. पैसे लावून असेल तर तिथून उठावे, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आपल्या भगिनींनी एवढे करावे: सुई, दोरा, अंगुस्तान आणि जुन्या साड्यांचे धुतलेले तुकडे सोबत न्यावेत. हाताने टाके घातलेली गोधडी त्या रजई शिवणाऱ्या बायकांसमोर उलगडली की इंग्रजी येत नसले तरी चालेल. त्यांच्याकडे तुकडे जोडण्याचे काम बहुधा यंत्रावर होते. हाताच्या बारीक धावदोऱ्याचे त्यांना मोल कळते. एकमेकींचे टाके पाहण्यात एक सकाळ सहज जाईल. ओळखीचे माणूस नाही म्हणता, ते असेच होते.

दुपारी बाजार. जानेवारी-फेब्रुवारीत क्वार्टसाइटला दगडांचे बाजार भरतात, आणि माझ्या मते त्या गावाची खरी गंमत हीच. गावातल्या रहिवासी संस्थेने १९६७ मध्ये दगड-रत्नांचे प्रदर्शन सुरू केले आणि त्याच्या आजूबाजूला हा सगळा पसारा वाढला. मैदानभर टेबले, त्यांवर ढीग. अर्धा पिंप भरून कच्चे दगड वजनावर विकायला. आपल्याला परके वाटेल असे त्यात थोडेच आहे. अकीक ओळखीचा, फिरोजा ओळखीचा. अ‍ॅरिझोनाच्या खाणींचा फिरोजा प्रसिद्ध आहे आणि तिथले मूळ रहिवासी तो चांदीत बसवतात. आणि जरा शोधले तर महाराष्ट्रही सापडतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, जळगाव-नाशिक-पुण्याकडच्या खाणींत आणि विहिरी खोदताना, पोकळ्यांमध्ये पांढरे-गुलाबी-हिरवट स्फटिक मिळतात. जगभरच्या अशा बाजारांत त्यांना मान आहे. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाजर्द कॅव्हनसाइट तर संग्राहक नावाने मागतात. नातवंडांना सांगावे, हा दगड आजीच्या मुलखातला.

एक इशारा. या बाजारात अमुक दगड उशाशी ठेवला की सांधेदुखी जाते, तमुक गळ्यात घातला की नजर लागत नाही, असे सांगून विकणारेही पुष्कळ आहेत. आपल्याकडे दर्ग्याबाहेर बसतात त्यांचीच ती गोरी भावंडे. दगड सुंदर म्हणून घ्यावा, नातवाला भूगोल शिकवायला घ्यावा. शिफा देणारा अल्लाह आहे.

मुलांना विकत घेण्यापेक्षा वेचण्यात जास्त आनंद. सरकारी माळावर घरापुरते थोडे दगड उचलायला बहुतेक ठिकाणी परवानगी असते. मात्र दक्षिणेकडच्या कोफा अभयारण्यात हात लावायचा नाही. तिथे फक्त क्रिस्टल हिल नावाच्या टेकडीपाशी ठरावीक मर्यादेत जमिनीवर पडलेले स्फटिक घेऊ देतात, खणू देत नाहीत. आणि एक कंगवा खिशात ठेवावा. तिथे चोया नावाचे निवडुंग आहे, त्याचा काटेरी गोळा नुसता घासून गेलो तरी कपड्याला, कातडीला चिकटतो. हाताने काढू गेल्यास हातात रुततो. कंगवा आत सरकवून झटक्याने उडवायचा.

या गावच्या कब्रस्तानात एक कबर आहे, तिच्यासाठी मी चार ओळी जास्त घेणार आहे. दगडांचा एक छोटा पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. कबर हाजी अलीची. मुंबईच्या हाजी अलींशी याचा संबंध नाही. हा सीरियातला उंटवाला, जन्म १८२८ च्या सुमाराचा. अमेरिकेच्या सैन्याला दक्षिण-पश्चिमेच्या वाळवंटात रसद पोहोचवायची होती. घोडे आणि खेचरे पाण्यावाचून मरत. तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांनी उंट आणून पाहण्याचा आग्रह धरला आणि १८५५ मध्ये त्यासाठी ३०,००० डॉलर मंजूर झाले. जहाज भूमध्य समुद्रात गेले आणि १८५६ मध्ये तीसहून अधिक उंट घेऊन टेक्सासच्या किनाऱ्याला लागले. उंट आणले, पण ते हाकायचे कुणी? त्यांच्याबरोबर उंटवालेही आणले गेले. त्यांत हाजी अली. गोऱ्या शिपायांच्या तोंडी नाव बसेना, ते झाले 'हाय जॉली'. हज केल्याची खूण म्हणून मिळालेल्या नावाचे असे झाले.

पुढच्या वर्षी, १८५७ मध्ये, एडवर्ड बील नावाच्या अधिकाऱ्याने न्यू मेक्सिकोपासून कोलोरॅडो नदीपर्यंत नव्या रस्त्याची पाहणी केली तेव्हा पंचवीस उंट बरोबर होते, आणि त्यांनी काम चोख केले. बीलने त्यांची तारीफ केली. पण खेचरे उंटांना पाहून बिथरत, शिपायांना त्यांचा वास आणि स्वभाव आवडेना. त्यातच १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि उंटांकडे पाहायला कुणाला वेळ उरला नाही. उंट लिलावात गेले, काही वाळवंटात सोडून दिले. हाजी अलीने स्वतःचा माल वाहून नेण्याचा धंदा करून पाहिला, तो चालला नाही. पुढे त्याने सैन्यासाठी वाटाड्याचे काम केले, खाणीच्या शोधात भटकला. १८८० मध्ये तो फिलिप टेड्रो या नावाने अमेरिकेचा नागरिक झाला. टूसॉन गावी लग्न केले, मुली झाल्या. १९०२ च्या डिसेंबरात क्वार्टसाइटला मरण पावला. १९३५ मध्ये राज्याच्या रस्ते खात्याने हे स्मारक बांधले आणि त्यावर लिहिले, हाय जॉलीचा शेवटचा मुक्काम. रस्ते खात्याने बांधले हे मला आवडते. ज्या मुलखात आज हजारो लोक थंड हवेच्या यंत्रासह चाकांवरची घरे फिरवतात, तिथली एक वाट या माणसाच्या उंटांनी मळली होती. गावाच्या वेशीवर, कागदी नकाशांवर, एका मुक्कामाच्या मैदानावरही त्याचे बिघडलेले नाव आहे. नातवंडांना तिथे नेऊन खरे नाव उच्चारायला लावावे. कबरीपाशी मृत्यूची आठवण ठेवावी, बाकी सेल्फीचा सोस नको.

चालण्याची थोडी ताकद असेल तर कोफा अभयारण्यातली पाम कॅन्यन ही घळ पाहावी. गावापासून दक्षिणेला अठरा मैल डांबरी रस्ता आणि मग पूर्वेला काही मैल कच्चा. मोठी आरव्ही त्या रस्त्याला नेऊ नये, मुलाची मोटार न्यावी. पुढे पाऊलवाट अर्ध्या मैलाची, पण खडकाळ आहे. गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांनी काठी घ्यावी किंवा खाली सावलीत बसावे, खालूनही डोंगर दिसतोच. वर एका अरुंद भेगेत रानटी ताडजातीची झाडे उभी आहेत. चहूकडे कोरडे कडे आणि मध्येच ती हिरवी झुलती पाने. ऊन थेट डोक्यावर आले की भेगेत उजेड पडतो, म्हणून दुपारच्या सुमारास जावे. हे अभयारण्य १९३९ चे. मोठ्या वळणदार शिंगांची रानमेंढी इथून नाहीशी होत चालली होती. तिला वाचवण्यासाठी अ‍ॅरिझोनाच्या बालवीर पथकांतल्या शाळकरी पोरांनी राज्यभर मोहीम चालवली, त्यातून हे अभयारण्य झाले.

एक दिवस युमाला द्यावा. दक्षिणेला सव्वाशे-दीडशे किलोमीटर. तिथे १८७६ ते १९०९ पर्यंत चाललेला जुना तुरुंग पाहायला ठेवला आहे, तो मुलांना आवडेल. मला त्यापेक्षा खजूर महत्त्वाचा वाटतो. आपण रमजानात मोठा, मऊ मेडजूल खजूर घेतो, डब्यावर कुठल्या देशाचा ते वाचूनच घेणारी घरेही आहेत. हा खजूर मूळचा मोरोक्कोचा. तिथल्या बागांना 'बायूद' नावाच्या बुरशीच्या रोगाने ग्रासले होते. वॉल्टर स्विंगल नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये मोरोक्कोतल्या बूदनीब गावच्या निरोगी झाडाचे अकरा फुटवे मिळवले आणि अमेरिकेत आणले. रोग बरोबर आला असला तर पसरू नये म्हणून ते इतर खजूरबागांपासून दूर, नेवाडा राज्यात वर्षानुवर्षे वेगळे ठेवले. त्यांतले नऊ जगले. त्यानंतर ते कॅलिफोर्नियात गेले आणि त्यांच्या फुटव्यांतून युमा आणि बार्डच्या बागा उभ्या राहिल्या. एका मोरोक्कन झाडाची ही वंशावळ. खजुरात नर-मादी झाडे वेगळी, म्हणून वसंतात माणूस शिडीवर चढून हाताने परागीकरण करतो. काढणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. जानेवारीत झाडावर फळ दिसणार नाही, पण बागांच्या दुकानांत ताजा माल असतो आणि दुधात घुसळलेला खजुराचा गारेगार पेला मिळतो. तो प्यायला स्नोबर्डांची रांग लागते.

त्याच रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना हिरवीगार शेते लागतील. नोव्हेंबर ते मार्च या काळात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीपैकी जवळपास ९० टक्के या युमा भागातून येते, तीही कोलोरॅडो नदीच्या कालव्यांवर. ती कापायला हजारो मजूर पहाटेच्या अंधारात मेक्सिकोची सरहद्द ओलांडून येतात आणि संध्याकाळी परत जातात. खिडकीतून वाकलेल्या पाठी दिसतील. आपल्या ऊसतोडणीच्या टोळ्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

मेक्सिकोवरून आठवले. स्नोबर्डांची एक लाडकी सहल म्हणजे सरहद्दीपलीकडचे लोस आल्गोदोनेस गाव. तिथे काय पाहतात? दंतवैद्य! छोट्याशा गावात शेकडो दवाखाने. अमेरिकेत दातांचा खर्च परवडत नाही, म्हणून म्हातारी माणसे मोटार अलीकडे लावून चालत पलीकडे जातात, कवळी बसवतात, चष्मा करतात, औषधे घेतात, दुपारी मासे खातात आणि परतीच्या रांगेत ताटकळत उभी राहतात. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाचा म्हातारा दातासाठी शेजारच्या गरीब देशात जातो, हे आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे. आपल्या वाचकांनी मात्र तिकडे जाऊ नये असे माझे मत. पाहुण्याच्या व्हिसावर गेलेल्याने कागदपत्रांची पूर्ण खात्री न करता सरहद्द ओलांडण्यात शहाणपण नाही, आणि दातांचा डॉक्टर आपल्या चिपळुणात आहे.

आता थोडे न आवडणारे. त्या माळावरच्या सगळ्याच गाड्या सुट्टीवर आलेल्या नाहीत. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत अनेकांची घरे गेली, साठवलेला पैसा बुडाला आणि साठी-सत्तरीचे लोक व्हॅनमध्ये राहू लागले. हंगामात गोदामांत सामान उचलायचे, बीट उपटायच्या कामाला जायचे, हिवाळ्यात इथे येऊन कमी खर्चात दिवस काढायचे. जेसिका ब्रूडर यांनी यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये लिहिले, त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. बाहेरून पाहता पन्नास लाखांच्या घराशेजारी उभी असलेली जुनी व्हॅन हौसेची की नाइलाजाची, ते कळत नाही. संध्याकाळी एकटी बसलेली म्हातारी बाई दिसली तर तिचे कौतुक करण्याआधी तिला गरम डाळ-भात नेऊन द्यावा. रस्सा करताना पाणी वाढवावे आणि शेजाऱ्याला द्यावे ही तर आपल्याला शिकवणच आहे. आपल्याकडे म्हातारपण एकत्र कुटुंबात निभते याचा आपण अभिमान बाळगतो. तो किती खरा आहे ते आपापल्या घरात पाहावे. एकाच छपराखाली एकटे पडलेले आई-बाप मी कमी पाहिलेले नाहीत.

म्हणून त्या मुलाला आणि सुनेलाही माझे सांगणे आहे. आरव्हीतले स्वयंपाकघर म्हणजे दोन-तीन बर्नर आणि हातभर ओटा. तिथे जर अम्मी सकाळी पराठे, दुपारी सालन, रात्री बिर्याणी करत उभी राहिली तर तिची सहल झाली नाही, फक्त चूल बदलली. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात हात लावत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. तेव्हा दिवस वाटून घ्या. एक दिवस मुलगा, एक दिवस सून, एक दिवस अब्बा. अब्बांना येत नसेल तर अंडी उकडावीत. हलाल मटण-कोंबडी फिनिक्सहूनच कापून, मुरवून, गोठवून न्यावी. क्वार्टसाइटच्या दुकानांत ती मिळेल या भरवशावर राहू नये. शेजाऱ्यांनी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, बोलावले तर जरूर जावे, पण राजम्यासारख्या दिसणाऱ्या उसळीतही डुकराचे मांस असू शकते. विचारून खावे, किंवा आपला पदार्थ सर्वांत मोठ्या भांड्यात न्यावा.

पाण्याचा हिशेब पहिल्याच दिवशी समजावून घ्यावा. गाडीत तीन टाक्या: स्वच्छ पाण्याची, भांडी-आंघोळीच्या पाण्याची आणि मैल्याची. पहिली रिकामी झाली किंवा उरलेल्या दोन भरल्या, की सगळा तंबू हलवून पाणी भरायला जावे लागते. वुजूसाठी नळ सोडून उभे राहण्याची सवय तिथे चालायची नाही. प्रेषित (स.) एक मुद, म्हणजे साधारण पाऊण लिटर, पाण्यात वुजू करत. एक लहान तांब्या न्यावा, तेवढ्यात नीट होते. किब्ल्याचेही ध्यानात ठेवावे. आपण जन्मभर पश्चिमेला तोंड करतो. तिथे मक्केची जवळची दिशा उत्तरेकडून सुमारे २८ अंश पूर्वेला पडते. वडीलधाऱ्यांना पहिले दोन दिवस ते पटत नाही. रात्री आकाश इतके काळे आणि स्वच्छ असते की ध्रुवतारा नातवाला बोटाने दाखवता येतो. तो सापडला की त्याच्या जरा उजवीकडे मुसल्ला अंथरायचा. इशानंतर खुर्च्या टाकून तारे पाहणे याला एक पैसाही लागत नाही. जुम्यासाठी पुरुषांनी फिनिक्सकडची फेरी ठेवावी. तिकडे टेम्पी गावात १९८४ साली बांधलेली मशीद आहे, तिची ठेवण जेरुसलेमच्या कुब्बतुस्सखराची आठवण करून देणारी आहे. त्या फेरीत घरच्या सगळ्यांनीच जावे, कपडेही धुऊन आणता येतील.

कपड्यांचे म्हणाल तर जानेवारीत दुपारी वीस अंशांच्या आसपास छान ऊन असते आणि रात्री पारा चार-पाचवर येतो. वारा सुटला की अधिकच बोचतो. लोकरी मोजे, कानटोपी, अंगात घालायची बंडी आणि आपली गोधडी. गॅसचा हिटर लावून सगळ्या खिडक्या बंद करून झोपू नये, आणि विषारी वायूची सूचना देणारे यंत्र चालू आहे ना ते मुलाकडून तपासून घ्यावे. रोजची औषधे पुरती न्यावीत, गावात मोठे इस्पितळ नाही.

महिन्याबद्दल शेवटचे. पुढची काही वर्षे रमजान तिकडच्या हिवाळ्यातच येतो आहे. २०३० मध्ये तर जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल. हिवाळ्याचे दिवस लहान, रोजे सोपे. पण रोज्यात दगडांच्या बाजारात धूळ खात फिरणे होत नाही. तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी कॅलेंडर पाहावे. बाजार जानेवारीच्या मध्यापासून भरात असतो, आणि आरव्हीचे भाडे त्याच दिवसांत चढते, म्हणून मुलाने नोंदणी दिवाळीच्या आधीच करून ठेवलेली बरी.